चकती काढलेला सेल

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात शिक्षिका अर्धा तास ताटकळली होती. तिच्या पुढच्या काकांच्या टॉर्चमधला सेल दुकानदार उलटासुलटा करून बघत होता.

“काका, याच्या बुडाची चकती कुठाय?”

“काढली. सेल लांब होता, टॉर्चचं झाकण लागेना.”

“अहो, जास्त चार्ज झाला की तीच तर करंट तोडते! ती नसली तर सेल तापतो, फुगतो, पेट घेतो.”

“मग तसं वर लिहायचं ना.”

“लिहिलंय! तुम्ही वेष्टणासकट सोललंत.”

“बरं, ओरडू नका.”

“असा एकच केलात ना?”

“एकच कसा? जोडी होती. दुसरा घरच्या टॉर्चमध्ये आहे, सकाळपासून चार्जिंगला.”

“सकाळपासून? घरी कोण आहे?”

“ही आहे की. झोपलीय. तिच्या उशाशीच तर प्लग आहे.”

“आधी फोन लावा!”

“कसला लावू? माझा फोन चार दिवस तुमच्याकडेच पडलाय.”

शिक्षिकेने आपला मोबाईल पुढे केला.

“काका, नंबर सांगा.”

“नंबर त्या फोनात आहे ना, बाई.”

दुकानदाराने कपाळावर हात मारला, स्कूटरची किल्ली उचलली आणि शटर ओढलं.

“बसा मागे. लवकर!”

“बसतो हो. पण टॉर्च आज मिळेल ना?”