पुढच्या चाकांची हवा

हॅलो?... हॅलो, कोण?... अगं धाकटे, तू होय! जरा मोठ्याने बोल, इथे गाड्यांचा नुसता गदारोळ चाललाय... नाही, घरी नाहीये. सुनेबरोबर आलेय. बंद कारखान्याचं गाड्या लावायचं पटांगण आहे, तिथे... हो, हो, तीच शर्यत. शर्यत म्हणजे एकेकट्यानेच पळवायची गं. नारिंगी कोन मांडलेत, त्यांच्यामधून वळणं घेत सुटायचं, घड्याळ लावतात. कोन पाडला की दोन सेकंदांचा दंड... हसू नकोस, तुला काय कळतंय त्यातलं!

गाडी? आपलीच. ह्यांची, दोन दारांची लाल. सुनेपेक्षा वयाने मोठी आहे, पण आवाज ऐकशील तर... कोण? माझा दिवटा? तो नुसता शेजारी बसला तरी वळणावर डोळे मिटतो. सून चालवते. हात आहे पोरीला... तुला म्हणून सांगते, तिच्यासमोर बोलायची नाही मी.

तयारी मी केली, दुसरं कोण करणार? मागची सीट काढली, स्टेपनी काढली, ब्रेकला नवे पॅड घातले, प्लग घासले... गुडघे दुखतात म्हणून काय गाडी ताटकळत ठेवू? आणि आपल्या बापाने खडू धरायच्या आधीच शाळेतून काढली ना मला, तो खडू आता धरला. अगं, टायरच्या कडेला रेघा मारायच्या. वळणावर टायर किती कलंडतं ते पुसलेल्या रेघेवरून कळतं.

थांब, थांब... नाही, ती पांढरी गेली. हिचा नंबर अजून चौथा आहे... मी कशाला येरझाऱ्या घालू? उभीच आहे... बरं, घालतेय! तुला काय तिकडे पावलं ऐकू येतात?

अगं ऐक ना, मध्ये बोलू नकोस. सकाळी ती म्हणाली, आई, पुढच्या चाकांत हवा चौतीस ठेवू. मी म्हटलं, चाळीस. आणि वर चारचौघांत म्हटलं, अर्धं आयुष्य गॅरेजात गेलं माझं, तू मला हवा शिकवतेस?... हो, असंच्या असं. "तुमचंच खरं" म्हणाली आणि भरली चाळीस. पहिल्या फेरीला तीन कोन आडवे. दुसऱ्या फेरीला हिने स्टिअरिंग फिरवलंय आणि गाडी चाललीय सरळ, सुटलेल्या बैलासारखी!

मग मी वाकून बघितलं. खडूची रेघ जशीच्या तशी. टायरची कड जमिनीला टेकलीच नव्हती. म्हणजे हवा जास्त... हो गं बाई, हो, तिचंच बरोबर होतं! एकदा म्हटलं ना, आता पुन्हा वदवून घेऊ नकोस.

सांगू काय? ती पाणी प्यायला गेली तेवढ्यात मी सोडली हवा. चौतीस केली, गुपचूप... नाही, तिला नाही सांगितलं. तिथेच तर घोळ झालाय! दोन फेऱ्या गाडी घसरतेय म्हणून ती स्टिअरिंग जास्त फिरवायला लागलीय. आता चाकं पकड धरणार. हिने तसंच फिरवलं तर गाडी भोवऱ्यासारखी गरकन...

"जाऊन सांग" म्हणे! आधी सासू होऊन बघ, मग शिकव.

ती मघाशी काय म्हणाली ठाऊक आहे? "आई, ही शेवटची फेरी. नाही जमली तर किल्ली तुमच्या हातात. मी पुन्हा बसायची नाही." रागाने नाही गं, रागाने असतं तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. शांतपणे म्हणाली. मग चालवणार कोण? माझा गुडघा क्लच दाबू देत नाही. गाडी शेडमध्ये, अंगावर चादर... गाडीचं जाऊ दे. दर रविवारी पोरगी हाताला ग्रीस फासून माझ्याशेजारी बसते, तेही... काही नाही, धूळ गेली डोळ्यात. धूळच!

हेकट? मी? आणि तू काय गरीब गाय?... थांब. ही पायपंप घेऊन चाकापाशी काय करतेय? फोन ठेवू नकोस.

सूनबाई! ए सूनबाई! हवा भरतेस? आत्ता?... कमी दिसली म्हणून? किती केलीस?... चाळीस! कुणी सांगितलं तुला चाळीस... हां. मीच.

धाकटे, ऐकलंस? हिला वाटलं चाक गळतंय! मी म्हटलं होतं तेवढी परत भरून ठेवली... दात काढू नकोस!

सूनबाई, चाक गळत नाही. मी सोडली होती हवा... मी, मी! तू म्हणत होतीस तेवढी केली. हा खडू बघ ना... चुकलं माझं. आता अशी बघत काय उभी राहिलीस, पुढे किती गाड्या आहेत?... एकच? मग वाक खाली. गुडघ्याचं राहू दे माझ्या! आणि वळणावर स्टिअरिंग जरा बेताने... बरं, बरं, तुला कळतं. हवा मोजायचं गेज तू धर. मी हवा सोडते, तू थांब म्हणालीस की थांबेन.

धाकटे, ठेवते गं. दोन्ही हात लागणार आहेत.