बंदुकीवरचा लाल ठिपका

चहाचा कप घट्ट धरा राव, मग ऐका. आमी बिबटे पकडणारी मानसं. बेशुद्धीचं इंजेक्शन मारायच्या आमच्या बंदुकीवर लांबचं बघायची दुर्बीण व्हतीच. पण उसातला बिबट्या एकदम जवळ निघतो. म्हणून तिच्या बाजूला काचेत लाल ठिपका दिसणारा छोटा रेड डॉट बसवू, असा माझा हट्ट. आमचे नेमबाज रफिकभाई म्हणायचे, "पोरखेळ हाय नुसता!"

शेवटी ठिपका बसवलाच, अन् परवा डिंगोऱ्याला उसाच्या कडेला तो बघायला गेलो. नेमच तर बघायचा, म्हणून बंदूक रिकामीच घेतली. रफिकभाईंनी आधी दुर्बिणीला डोळा लावला.

"कायबी कळत न्हाई. नुसतं पिवळं दिसतंय. वाळलेलं पाचट असंल."

"आता ठिपक्यातनं बघा की!"

त्यांनी बंदूक जरा तिरकी केली अन् तिथंच थिजले. "भाऊ," ते पुटपुटले, "पाचटाला मिशा हायेत."

मी मान वळवली. पार आमच्या पुढ्यात, सरीत दबून बसलेला बिबट्या!

"ठिपका बरोबर खांद्यावर हाय," रफिकभाई कुजबुजले. "इंजेक्शन कुठंय?"

"जीपमधी."