डबल बेल होईपर्यंत

...आणि वर तो मोबाइलवाला प्रफुल मलाच विचारतो, "काका, गेममधी सागाची पानं वेगवेगळी दिसली नाई तर मजा काय?" अरे, सारी उमर त्या सागाखालून एसटी नेली, एक पान तरी मोजलं का मी? तुम्हाला सांगतो, याला दहादा सांगितलं, बाबू, मले फक्त बेल पाह्यजे.

बेल म्हणजे कंडक्टरची. एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की काढायची. वरोरा–मोहर्लीवर माझी कंडक्टर माझी बायकोच होती, रंजीता. नवरा-बायको एकाच गाडीवर, लोक हसायचे. हसोत. ती मागच्या साली गेली आणि आता माझ्यामागे सोमाजी आहे. तो बेलला हात लावत नाही, पत्रा बडवतो, म्हैस हाकलल्यासारखा. "चालू दे, चालू दे." चालू देतो, काय करता...

तर आमची दिव्या, माझी मुलगी, तिनं नवीन लॅपटॉप घेतला आणि जुना माझ्या गळ्यात मारला. "बाबा, यात बसचा गेम आहे. पोरांनी त्याचे मॉड बनवलेत, वरून टाकायचे. आपली लाल गाडी येते, आपला रोड येते, बेल पण वाजते." बेल म्हटलं आणि मी फसलो.

कारण लॅपटॉप हा असा, नुसता सुरू होईपर्यंत भात शिजतो. त्याला झेपेल तेवढंच टाक म्हणून प्रफुलच्या मोबाइलच्या दुकानात नेला, तर या शहाण्यानं काय टाकावं? जंगल! मग ऊन, मग उन्हाची सावली, मग पाऊस, पावसाचा थेंबन् थेंब काचेवर वेगळा. बेल सगळ्यात शेवटी. घरी आणून सुरू केला, तर पंखा मळणीयंत्रासारखा ओरडायला लागला, मांजर उठून गेलं, आणि गाडी? वायपर अर्ध्यावर गेला आणि तिथंच राहिला.

तेवढ्यात शेजारचे गुणवंतराव. न बोलावता येतात, चहा झाल्याशिवाय उठत नाहीत. "भाऊ, मोहर्लीचा रोड अन् वाघ नाई? प्रफुलनं वाघ काऊन नाई टाकला?" तुम्हाला काय करायचं हो वाघाचं? गाडी तुम्ही चालवून राहिले का? पण नाही, प्रफुलला बोलावून वाघ टाकून घेतला. वाघ आला. म्हणजे तोंड आलं. बाकीचा वाघ येईपर्यंत यांचा चहा संपला आणि लॅपटॉप बंद पडला. वर म्हणतात कसे, "तोंड मात्र हुबेहूब होतं." मी म्हटलं, गुणवंतराव, तुम्ही घरी जा. मले बेल पाह्यजे, वाघ नाई.

मग काढायला बसलो. वाघ काढला. पाऊस काढला, सावली काढली, जंगल खरडून साफ केलं, आता मोहर्लीचा रोड गडचांदूरच्या चुनखडीच्या खाणीसारखा दिसतो, दिसू दे. तरी अडकतच होती. मग पॅसेंजर काढले. तसेही अर्ध्यांना डोकी नव्हती. आणि काय सांगू, गाडी पाण्यासारखी निघाली. भद्रावतीचा थांबा आला आणि मागून टिंग. एक. स्वच्छ. ब्रेकवर पाय आपोआप गेला. थांबलो.

थांबलो तो थांबलोच. दुसरी बेल होईना.

प्रफुलला फोन केला, तर हसतो हा माणूस. "काका, पॅसेंजर चढले का डबल बेल होते. तुम्ही पॅसेंजरच उडवले. चढन कोण?" मग पॅसेंजर परत टाक. "मंग लॅपटॉप बंद पडन. दाबा ना एक्सलेटर, कोण अडवून राह्यलं तुमाले?"

कोण अडवून राह्यलं! दुकानात बसून पानं मोजणाऱ्याला काय कळणार? रंजीता म्हणायची, "डबल बेल झाली नाई म्हंजे कोणाचा तरी एक पाय अजून रस्त्यावर आहे." तिच्या डबल बेलआधी मी गाडी कधी काढली नाही. घाईत नाही, भांडण झालं असताना नाही.

आता दिव्याचा फोन आला होता. "बाबा, गेम अडकतो का अजून?"

म्हटलं, नाही गं, एकदम मस्त चालतो. भद्रावतीला उभा आहे. डबल बेल व्हायची आहे.