न दिलेला हुंकारा

तुम्ही म्हणता ना, नेटवर सगळं मिळतं? मग एक अहिराणी लोककथा शोधून दाखवा. चोपड्याजवळच्या माझ्या शाळेतल्या पोरांसाठी मी आठवडाभर शोधत होतो. रशियातलं अस्वल सापडलं, जपानची म्हातारी सापडली, आपल्या खानदेशातलं साधं कोल्हं काही सापडलं नाही.

शेवटी एका वेबसाइटवर शिक्षकांसाठी सूचना दिसल्या. तुम्हीच गोष्ट रेकॉर्ड करून पाठवा, आणि रेकॉर्डिंग चालू असताना मधे अजिबात बोलू नका. म्हटलं, चला. गावात गोष्टी सांगणाऱ्या सखूअक्का आहेत. त्यांच्यापुढं मोबाइल ठेवला आणि तोंड शिवल्यासारखा बसलो.

"एक कोल्हा व्हता," अक्का म्हणाल्या आणि थांबल्या. माझ्याकडे बघितलं. "त्यानी वावरमा घर बांधं." पुन्हा थांबल्या. मी गप्प. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली आणि पदर सावरून उठल्या.

"अक्का, पुढं?"

"मास्तर, तुम्ही हुंकारा देत नही, मंग गोठ कोनले सांगू?"

अहो, लहानपणी दर वाक्याला 'हं' म्हणत गोष्टी ऐकलेला माणूस मी! मग शंभरदा 'हं' म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या," अक्का म्हणाल्या, "घरमा बी आते कोनी देत नही."

त्यानंतर त्यांनी गोष्ट काढली नाही ती नाहीच. अक्का उठल्या तिथपर्यंतचं रेकॉर्डिंग मी तेवढंच पाठवलं. आता नेटवर अहिराणी लोककथा शोधली की पहिली तीच येते. दोन वाक्यं अक्कांची, आणि पुढं सगळं माझं गप्प बसणं.