द्वारकाबाईंचे ‘हे’

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. जे आपल्याला ठाऊकच नाही, ते शोधायचं कसं?

बघा, लगेच माना हलल्या! मागच्या खांबाला टेकलेल्या काकांना तर उत्तर आधीच आलं. काका, थांबा जरा — प्रश्न अजून संपला नाही! आपलं सगळ्यांचं दुखणं हेच आहे. प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार! आणि या दुखण्यातलं मोठं नाव म्हणजे आपल्या आख्यानातल्या द्वारकाबाई.

द्वारकाबाई अंगणवाडीत मदतनीस. वय पंचेचाळीस, आवाज पंचवीस माणसांचा! गावात कुणाचं पोर का रडतंय, कुणाची म्हैस का आटली — विचारा द्वारकाबाईंना. उत्तर हजर! ‘माहीत नाही’ हे दोन शब्द त्या बाईच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते.

पण मंडळी, अंगणवाडीच्या सेविकाबाई निवृत्त होणार होत्या. द्वारकाबाई दहावी पास झाल्या, तर ती जागा त्यांना. नाहीतर बाहेरगावची बाई येणार, आणि जी पोरं यांनी अंगाखांद्यावर वाढवली, त्यांना शिकवणार ती! यांनी नुसती सतरंजी घालायची. जीव तुटत होता हो बाईचा. दोनदा परीक्षा दिली. दोन्ही वेळा गणितानं दगा दिला. ही तिसरी खेप, आणि शेवटची.

शिकवणार कोण? सून! हर्षदा, बीएस्सी झालेली. सासूनं सुनेपुढं पाटी घेऊन बसायचं! — काय हो, पुढच्या रांगेतल्या सासवा एकदम गंभीर झाल्या?

हर्षदानं गणित वाचलं. ‘आईचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे. आणखी बारा वर्षांनी ते मुलाच्या वयाच्या दुप्पट होईल. तर मुलाचे आजचे वय किती?’

“दहा!” द्वारकाबाई म्हणाल्या.

“कशावरून?”

“तिप्पट सांगितलंय ना? पोरगा दहाचा, आई तिशीची. झालं की!”

“आणि बारा वर्षांनी? पोरगा बावीस, आई बेचाळीस. दुप्पट कुठं झाली, आई?”

“मग त्या बाईलाच विचारा की तिच्या पोराचं वय! जन्म दिलाय तिनं. मला कशाला विचारता?”

सगळं अंदाजपंचे! हर्षदा म्हणाली, “अहो, मुलाचं वय आपल्याला माहीत नाही ना? मग समजा, ते क्ष.”

“क्ष? हे काय वय झालं? माहीत नसलेल्या गोष्टीवर हिशेब मांडायचा? मला नाही जमायचं!” आणि मंडळी, एवढी खमकी बाई, पदर तोंडाला लावून रडायला लागली हो! “दोनदा नापास झाले. आता पोरं त्या नव्या बाईला बाई म्हणणार. मला काही येत नाही गं, हर्षदा. काही म्हणजे काही येत नाही!”

बघा, आयुष्यात पहिल्यांदा ‘येत नाही’ म्हणाली! आणि कुणापुढं? सुनेपुढं!

हर्षदानं पाटी बाजूला ठेवली. मग हळूच म्हणाली, “आई, बाबा कुठं गेलेत?”

“हे? हे मळ्यात गेलेत.”

“हे म्हणजे कोण?”

“अगं, हे! तुझ्या नवऱ्याचे वडील. थोरल्या आत्याबाईंचे धाकटे भाऊ.”

“नाव घेतलंत का तुम्ही त्यांचं?”

“चल! नवऱ्याचं नाव घेतात का कधी?”

“नाव घेतलं नाहीत, तरी मला कळलं ना कोण ते? कशावरून? नात्यावरून! आई, पंचवीस वर्षं तुम्ही ‘हे’ म्हणून सगळा संसार केलात. क्ष म्हणजे तेच. नाव उघड नाही, पण नातं पक्कं. नाती नीट मांडली, की तो आपण होऊन बाहेर येतो!”

द्वारकाबाईंनी डोळे पुसले. पाटी ओढली. “म्हणजे पोरगा ‘हे’. आई तीन हे. बारा वर्षांनी आई तीन हे अधिक बारा. पोरगा हे अधिक बारा. त्याची दुप्पट म्हणजे दोन हे अधिक चोवीस. दोन्ही सारखेच! आता दोन्हीकडचे दोन हे काढले, बारा काढले…” आणि बाई किंचाळली, “हर्षदा! आमचे हे बारा वर्षांचे निघाले!”

“वागणं तसंच आहे म्हणा,” सून म्हणाली. दोघी हसून हसून लोळल्या. हो, सासू आणि सून! एका घरात! मी खोटं सांगत नाही.

परीक्षा आली. पेपर हातात पडला आणि बाईला घाम फुटला. गणित होतं बागेचं. ‘लांबी रुंदीच्या दुप्पट, परिमिती चोपन्न मीटर. रुंदी किती?’ सवयीनं हात उत्तराकडं धावला. बाईनं तो आवरला! पण घाबरल्यावर ते ‘क्ष’ अक्षर कसं काढायचं, तेच आठवेना. शेवटी धाडस करून लिहिलं: ‘समजा, बागेची रुंदी = हे.’

बाहेर आल्या. फाटकाशी हर्षदा, शेजारी मोटारसायकल घेऊन खुद्द ‘हे’, म्हणजे सोपानराव. “हर्षदा, मी क्षच्या जागी ‘हे’ लिहिलं गं! घालवलं का सगळं?”

“सुरुवातीला ‘समजा’ लिहिलंत ना?”

“लिहिलं.”

“मग क्ष लिहा, नाहीतर हे लिहा, चालतं! उत्तर काय आलं?”

“हे नऊ मीटर रुंद!”

सोपानरावांनी निमूट पोट आत ओढलं.

निकाल लागला. काठावर का होईना, द्वारकाबाई पास! आणि सेविका म्हणून पहिल्या दिवशी एका पोरानं विचारलं, “बाई, ढग कुठं झोपतो?” द्वारकाबाई तोंड उघडून थांबल्या. मग म्हणाल्या, “मला माहीत नाही रे राजा. चल, बघू.”

मंडळी, तुमचं काय? घरी जाता, बायको गप्प दिसते. लगेच उत्तर — ‘हिच्या माहेरहून फोन आला असणार!’ अरे, आधी ‘समजा’ तर म्हण! शेजाऱ्यानं राम राम घातला नाही — ‘माजला!’ झालं, गणित चुकलं!

आणि देव? या गादीवर उभा राहून सांगतो, देव कसा आहे मला माहीत नाही. पण आपल्या पूर्वजांनी शहाणपण केलं. आधी त्याला नाव दिलं, मग नातं मांडलं. कुणी माउली म्हटलं, कुणी सखा. सोडवत बसलोय आपण अजून.

आता खरं सांगा. ‘मला माहीत नाही’ असं या आठवड्यात एकदा तरी कोण म्हणालं? हात वर करा!

एकही नाही?

सगळ्यांना सगळं माहीत! मग मी इथं कशाला घसा कोरडा करतोय? उचला टाळ. उत्तर राहू द्या — निदान नाव तरी घ्या!