सगळेच कप धुतले

सौसरहून रामाकोन्याला निघालेल्या बसमध्ये हेमराज झोपेचं सोंग घेऊन बसला होता. मागच्या सीटवर शकुंतलाबाई भाचीला सांगत होत्या.

"आमच्या लोकायचे कप तो हॉटेलवाला वेगळ्या फळीवर ठेवे. चहा पिऊन आपणच धुवा लागे."

"मंग भांडली नाही काय, आत्या?"

"कायले? आम्ही साऱ्या बाया गेलो, चहा पेलो, आन् हॉटेलातले सगळेच कप धुऊन एका टोपल्यात पालथे घातले. कप तं सारे सारखेच!"

"अगं बाई! मंग त्यानं फेकले?"

"फेकते कायचा! गिऱ्हाईकं पाहून राह्यले होते. त्यातल्याच कपात पहिला चहा त्यालेच प्या लागला."

हेमराजनं डोळे आणखी घट्ट मिटले. खांद्यावर टिचकी पडली.

"बापाचं हॉटेल आता तूच चालवतं ना रे, हेमराज? कप धुवाचे असले तं सांगजो."