नागपूरला कधी जाऊ?

अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनो शहरात प्लास्टिक सर्जनकडे नंबर यायची वाट बघत बसलेल्या देवयानीला मागून मराठी ऐकू आलं. एक आई आणि तिची मुलगी बोलत होत्या.

"मी छाती कमी करून घेतली, टाके सुकले. मग पुढच्या आठवड्यात नागपूरला का नको?"

"इथल्या इथे शिकागोला जायचं असतं तर चाललं असतं, आई. नागपूरपर्यंत विमानात इतके तास बसून पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. डॉक्टर म्हणाले, महिना-दीड महिना थांबा. बॅगही उचलायची नाही."

"तुझ्या बाबांना काय सांगू? त्यांना ऑपरेशनचं माहीतच नाही."

"खरं सांगून टाक."

"काल व्हिडिओ कॉलवर म्हणाले, तू हल्ली ताठ बसतेस."

"मग?"

"म्हटलं, इथल्या खुर्च्या चांगल्या आहेत."